कोरड्या तळ्यातलं लगीन

आमच्या ह्यांनी उभी हयात भालकी-उदगीर रस्त्यावर सरकारी बस चालवली, आणि रिटायर झाल्यावर घर घेतलं ते अशा गावात, जिथं वेशीच्या आत गाडी आणायला बंदी आहे. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. माझ्या नोकरीची शेवटची वर्षं भालकीतच गेली. भाड्याचं का असेना, पण घरापासून बाजार जवळ, बसस्टँड जवळ, हाक मारली तर चार बायका दारात येतील अशी गल्ली. ते सगळं सोडून माळावर राहायला जायचं माझ्या मनातही नव्हतं.

ओढून आणलं ते लेकीनं. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. कुणीतरी भालकीपासून थोड्या अंतरावर नवं गाव वसवतंय, निसर्गाला धरून, आधी झाडं आणि मग घरं अशा बेतानं, हे तिला कळलं आणि तिनं घरात दुसरा विषयच ठेवला नाही. आम्ही बघायला गेलो तेव्हा तिथं लाल मुरमाचा उघडा माळ होता. जांभ्या दगडाची बसकी घरं अर्धी बांधून झालेली. गाव वसवणाऱ्यांचा माणूस हात करून दाखवत होता, "हे रान, ही बाग, ही पायवाट."

"रान कुठाय?" मी विचारलं.

"हे काय," म्हणून त्यानं दाखवलं ते माझ्या गुडघ्याएवढं लिंबाचं रोप होतं. वाऱ्यानं पडू नये म्हणून त्याला काठी बांधली होती.

तरी आलो. पहिले काही महिने मी नियमांनाच वैतागले. भांड्यांचं पाणी मोरीतून थेट मागच्या कर्दळीच्या वाफ्यात जायचं, म्हणून साबण कुठला वापरायचा तेही ठरलेलं. ओला कचरा खड्ड्यात. प्लास्टिकची पिशवी दिसली की लेक डोळे वटारायची. लाउडस्पीकर नाही, फटाके नाहीत. सगळ्या छपरांवरचं पाणी दगडी पन्हाळीतून गावाच्या मध्यावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या तळ्यात जायचं. आसपासच्या खेड्यांनी आमच्या गावाचं नाव 'झाडाची कॉलनी' ठेवलं. भालकीतल्या माझ्या ओळखीच्या दुकानदारानं तर मला काळजीनं विचारलं, "सिस्टर, तितं पंखा तरी लावू देतेत का?"

पण एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून आवडली. घरं सोडतीनं मिळाली होती. आजवर भाड्याचं घर बघायला गेलं की आधी नाव विचारायचे, मग आडनाव, मग गाव, मग गावात कुठं राहता, आणि तेवढं कळलं की खोली रिकामी नसायची. आमच्या आजोबांनी बौद्ध धर्म घेतला, वडिलांनी आम्हाला शिकवलं, मी कित्येकांच्या घरातली बाळंतपणं केली, तरी हे प्रश्न काही चुकले नव्हते. इथं जी चिठ्ठी निघाली ते घर. आमच्या शेजारी निघाली एक म्हातारी बाई. हा माळ मुळात तिच्याच घराण्याचा. जमीन देऊन तिच्या मुलांनी इथं घर घेतलेलं. घरात कन्नड, बाहेर मराठी आणि रागावली की दोन्ही. सगळे तिला अक्का म्हणतात. सामान उतरवत होतो तेव्हा ती कुंपणापाशी आली, "बर्री, बर्री," म्हणजे या, या म्हणत तिनं ताकाचा तांब्या पुढं केला आणि विचारलं, "तुम्ही नर्स हाव म्हनं? माझं गुडघं लई दुखायलंय. काय तरी बघा की."

झालं. ताक पिऊन मी तिचा गुडघा बघायला बसले, आणि सामान ह्यांनी एकट्यानंच उतरवलं.

ह्यांचं मात्र मन लागत नव्हतं. पहाटे उठून गाडीची वेळ झाल्यासारखे तयार व्हायचे आणि मग ओट्यावर बसून राहायचे. गावात एकच वाहन होतं. बॅटरीवर चालणारी उघडी गाडी, म्हाताऱ्यांना आणि धान्याच्या पोत्यांना वेशीपासून घरापर्यंत आणायला. ती चालवणारा माणूस काम सोडून गेला आणि हे न विचारताच जाऊन तिच्यावर बसले. गाडी चालायची माणसाच्या चालीनं, आणि हॉर्न तर नव्हताच. मग हे तोंडानंच "बाजूऽऽ" म्हणून ओरडायचे. उदगीरच्या बाजारातून बस काढणारा माणूस हा, त्याच्या पुढं दोन कोंबड्या आणि एक म्हातारं जोडपं. पण चेहऱ्यावर रंग परत आला.

लेकीचं लग्न जमलं तेही ह्यांच्या बसमुळंच. उदगीरचे एक गुरुजी भालकीच्या अलीकडच्या एका मराठी शाळेत नोकरीला होते. वर्षानुवर्षं ह्यांच्याच गाडीनं, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून यायचे. बोलका माणूस. आवाज असा की कंडक्टरला थांबा पुकारायची गरज पडायची नाही. त्यांचा मुलगा बँकेत लागला, आमच्या लेकीला भेटला, दोघांचं जमलं. साखरपुडा झाला आणि प्रश्न आला लग्न कुठं करायचं.

गुरुजींच्या मनात उदगीरचं मोठं मंगल कार्यालय होतं. लेक म्हणाली, "लग्न माझ्या दारात होईल. आपण इथं राहतो ना? मग इथंच."

गावात तोवर एकही लग्न झालं नव्हतं. आमच्या रहिवासी समितीचे अध्यक्ष म्हणजे रिटायर झालेले इंजिनिअर साहेब. ह्या गावाची पाण्याची सगळी आखणी त्यांनी केलेली. मी त्यांना लग्नाचं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

"सिस्टर, आम्ही दुष्काळाचा विचार केला," ते म्हणाले, "वादळाचा केला, साथीच्या रोगाचा केला. लग्नाचा विचार कुणी केलाच नाही."

पण माणूस भला. गावच्या उघड्या सभागृहात लग्न करा म्हणाले. चारी बाजूंनी जांभ्याच्या उंच कमानी, वारा आरपार. बँड आणा, पण भोंगा नको. पत्रावळ्या पळसाच्या. गाड्या वेशीबाहेर. एवढं सगळं व्याह्यांना सांगायला आम्ही दोघं उदगीरला गेलो.

गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग त्यांचा आवाज वर चढला. "म्हणजे आमचा नवरदेव वेशीपासून पायी येणार? भर उन्हाचं? माझे दोन साडू हायत, एकाचं वजन तुम्ही बघितलंय. आन् कामून? झाडाला धूर लागंल म्हणून?"

"गुरुजी, नवरदेवाला मी आणतो," हे म्हणाले. "माझ्या गाडीवर."

"कोणती गाडी?"

"बॅटरीची हाय. उघडी. सजवतो की."

आतून विहीणबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अवो, एवढी वर्षं ह्यांच्या मागं बसून गेलाव. आता पोरगं बसंल."

गुरुजी एकदम हसले. "ते बी खरं हाय. तुमची गाडी कधी वाटंत उभी राहिली न्हाई, पाव्हणं. चला, मान्य."

येताना बसमध्ये हे खिडकीतून बाहेर बघत गालातल्या गालात हसत होते. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "नवरदेव न्यायचाय मला. आजवर वऱ्हाडं लई नेली, पण नवरदेव बिचारा गर्दीत उभाच असायचा."

लग्नाचा आठवडा उजाडला. एप्रिलचं ऊन तापलं होतं, करंज आणि लिंब फुलले होते. आता ते गुडघ्याएवढे नव्हते, माझ्या डोक्याच्या वर गेले होते. सकाळी मी सभागृह झाडायला गेले आणि वर बघितलं तर मधल्या कमानीला काळंभोर काहीतरी लोंबत होतं. आधी वाटलं कुणी घोंगडं टाकलंय. मग ते घोंगडं हललं.

आग्यामोहोळ. एका रात्रीत येऊन बसलेलं, परातीएवढं.

मी झाडू तिथंच टाकून घरी आले. हे म्हणाले, "त्यात काय, धूर करू. चिटगुप्प्याचा एक मोहोळवाला माझ्या ओळखीचा हाय."

"पप्पा, हात लावायचा नाही," लेक म्हणाली.

"अगं, तुझंच लगीन हाय त्या मोहोळाखाली."

"मग लग्न दुसरीकडं करू. ही झाडं लावली, फुलवली, ती कुणासाठी? मधमाश्या याव्यात म्हणूनच ना? आता आल्या तर धूर करायचा?"

इंजिनिअर साहेबही आले. कमानीच्या लांब उभे राहून, चष्मा वर-खाली करत त्यांनी मोहोळ बघितलं. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. अडचण तर कळत होती, पण घरी मोठा पाहुणा आल्यासारखा आनंद लपत नव्हता. "सिस्टर," ते हळूच म्हणाले, "त्यांनी आपलं गाव निवडलं."

"साहेब, निवडलं हे खरं," मी म्हणाले, "पण उदगीरहून वऱ्हाड यायलंय. त्यांना कुठं बसवू?"

गावातल्या प्रत्येकाकडं एक जागा होती आणि प्रत्येक जागेत एक खोट होती. बागेत सावली नव्हती. वेशीबाहेर म्हणजे रस्त्यावर. शेवटी उदगीरचंच कार्यालय बघावं का, असं माझ्या मनात यायला लागलं. लेकीसमोर बोलले नाही, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मी आणि अक्का रोज सकाळी फिरून आलो की तळ्याच्या पायऱ्यांवर बसायचो. तळं त्या दिवसांत कोरडं पडलेलं असतं. तळाशी स्वच्छ दगडी फरशी आणि चारी बाजूंनी उतरत गेलेल्या रुंद पायऱ्या. सकाळी पूर्वेकडच्या घरांची आणि बांबूच्या बेटाची सावली अर्ध्या तळ्यावर पसरते. दुसऱ्या दिवशी मी पायरीवर बसून रडकुंडीला आले होते.

अक्कानं माझ्याकडं बघितलं, मग पायऱ्यांकडं बघितलं. "कामून रडायलाव? आपण आता कुठं बसलोय?"

"तळ्यात."

"मग? बसू दे की समद्यांना हितंच."

मी डोळे पुसून खाली बघितलं. खरंच की. खाली फरशीवर नवरा-नवरी, वर पायऱ्यांवर माणसं. मागच्या माणसाला पुढच्याचं डोकं आडवं येणार नाही. आम्ही दोघी उठून तशाच इंजिनिअर साहेबांच्या दारात गेलो. अक्का पुढं, मी मागं. साहेबांनी तळं बांधलं होतं, पण त्यात माणसं भरतील हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. ते तसेच चप्पल घालून माप घ्यायला निघाले.

मग गाव कामाला लागलं. बांबूचे खांब उभे राहिले, त्यावर घराघरातल्या पांढऱ्या चादरी आणि धोतरं ताणून सावली केली. तळाशी एका चौथऱ्यावर बुद्धमूर्ती ठेवायची जागा केली. स्वयंपाक तळ्याच्या पलीकडं, धूर मोहोळाकडं जाणार नाही अशा बाजूला. एकच अडचण राहिली. वेशीपासून तळ्याकडं येणारी गाडीची वाट सभागृहाच्या पुढूनच जात होती. दुसरी वाट होती, पण ती दोन माणसांच्या रुंदीची.

लेक म्हणाली, "धूर, गोंगाट आणि उग्र वास, तिन्ही नसलं तर त्या काही करत नाहीत. तिथून शांतपणे जायचं, बस."

"वऱ्हाड आन् शांत?" हे म्हणाले.

लग्नाच्या दिवशी मी पर्समध्ये दागिन्यांच्या जागी इंजेक्शनं, सुया आणि कापूस भरला. इतकी वर्षं दवाखान्यात काढली आहेत, आग्यामाश्या चावलेली माणसं बघितली आहेत.

वऱ्हाड सकाळीच आलं. वेशीवर इंजिनिअर साहेब स्वतः हात जोडून उभे. प्रत्येकाला पाणी देऊन सांगत होते, "अत्तर लावलं असेल तर हे पाणी घ्या, पुसून काढा. आणि पुढं कमानी दिसल्या की बोलू नका." काही बायका हसल्या, काहींनी नाक मुरडलं, पण विहीणबाईंनी सगळ्यांत आधी मनगटं धुतली, मग सगळ्यांनीच धुतली. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, "आपल्याला न्हाई सवय अत्तराची."

ह्यांनी गाडीला कर्दळीची पानं आणि झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. अंगात जुनी खाकी न घालता पांढरा शर्ट, पण बसण्याची ऐट तीच. नवरदेव मागं बसला, बँड सुरू झाला. बँडवाल्यांचा गाणारा आधी खट्टू होता, भोंग्याशिवाय आवाज कुणाला जाणार म्हणून. पण गाव शांत असल्यामुळं त्याचा आवाज असा लांबवर गेला की तो स्वतःच दचकला आणि मग खुलून गायला लागला. गुरुजी पुढं नाचत होते. वजनदार साडूही नाचत होते.

कमानी दिसल्या. ह्यांनी हात वर केला. बँड थांबला. आणि मग मी जे बघितलं ते पुन्हा कधी बघायला मिळणार नाही. ते अख्खं वऱ्हाड एकदम मुकं झालं. माणसांनी चपला हातात घेतल्या. बायकांनी पैंजण वाजू नयेत म्हणून निऱ्या उचलून पावलं टाकली. क्लॅरिनेटवाल्यानं वाद्य छातीशी धरलं होतं, झोपलेलं बाळ न्यावं तसं. फक्त मुरमावर पावलांचा सरसर आवाज आणि वरून मोहोळाची घूं घूं.

आणि बरोब्बर मधल्या कमानीपुढं गाडी थांबली.

ह्यांनी चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. सकाळपासून म्हातारे पाहुणे आणि स्वयंपाकाची पातेली वाहून वाहून बॅटरी संपली होती. ह्यांनी मान वळवून गुरुजींकडं बघितलं. ज्याच्या गाडीची एवढी तारीफ केली ती गाडी उभी राहिली, आणि तीही कुठं? ओरडायची सोय नाही, हसायची सोय नाही. गुरुजींनी कपाळाला हात लावला, मग बाह्या सरसावल्या आणि गाडीच्या मागं जाऊन उभे राहिले. वजनदार साडू आले, इंजिनिअर साहेब आले. नवरदेव उतरायला लागला तर गुरुजींनी बोटानंच दटावलं, बस खाली. आणि तिघं मिळून ढकलायला लागले. एक शब्द नाही. साहेबांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला, तो सावरायला हात मोकळा नाही.

तेवढ्यात एक माशी वरून सुटली आणि गुरुजींच्या कानाभोवती फिरायला लागली. एक फेरा, दुसरा फेरा, आणि कानाच्या मागं बसली.

गुरुजी थिजले. डोळे घट्ट मिटलेले. गाडीही थांबली, वऱ्हाडही थांबलं. मी पर्समध्ये हात घालून सुई धरून ठेवली. विहीणबाईंनी माझा दुसरा हात धरला होता, आणि तो इतका घट्ट की बांगडीचा वळ उठला. माशी कानामागं निवांत चालली, जणू काही शोधत होती. मग उडाली आणि वर गेली.

गुरुजींनी डोळे उघडले आणि अशा जोरानं गाडी ढकलली की साडू मागंच राहिले.

कमानी मागं पडल्या, तळ्याचा काठ आला आणि कुणीही न सांगता सगळे एकदम हसायला लागले. इतका वेळ दाबलेलं ते हसू. कुणी पायरीवर बसून हसतंय, कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून. बँडवाल्यांना वाजवायला दम राहिला नाही. विहीणबाई नवऱ्याच्या जवळ गेल्या, कानामागं नाक नेलं आणि म्हणाल्या, "गुलाबाचं अत्तर!"

"थोडंसंच लावलं होतं," गुरुजी म्हणाले. "पोराचं लगीन हाय."

त्या हसण्यानं दोन्हीकडची माणसं अशी मिसळली की कोण नवरीकडचं आणि कोण नवऱ्याकडचं ते ओळखू येईना. पांढऱ्या साडीतली माझी लेक पायऱ्या उतरून खाली आली तेव्हा लोकांच्या डोळ्यांत अजून हसण्याचं पाणी होतं. वंदना सुरू झाली. आमच्याकडं अक्षता नसतात, फुलं असतात. बुद्धमूर्तीपुढं दोघांनी एकमेकांना वचनं दिली, हार घातले आणि चारी बाजूंच्या पायऱ्यांवरून फुलं पडायला लागली. लिंबाची, करंजाची, झेंडूची, ज्याच्या दारात जे होतं ते. वंदनेचे शब्द ज्यांना पाठ होते ते म्हणत होते. ज्यांना नव्हते ते हात जोडून उभे होते. आमच्या गावातले सगळे आले होते. खेड्यात आमचं लग्न म्हणजे आमच्या वस्तीत, आमच्या माणसांचं. ते मी लहानपणापासून बघितलेलं. इथं मी मान वर करून बघितलं तर तळ्याच्या सगळ्यांत वरच्या पायरीपर्यंत माणसंच होती. हे माझ्या शेजारी उभे होते. मला म्हणाले, "डोळ्यात काय गेलं का?" त्यांच्याही डोळ्यात तेच गेलं होतं.

जेवणाला वांग्याची भाजी, वरण-भात आणि हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर. हुग्गी अक्काची. पहाटेपासून ती पातेल्याशी बसली होती, आचाऱ्याला तिनं हात लावू दिला नव्हता. मी गूळ कमी आहे म्हणाले तर मला म्हणाली, "नवरीच्या आईनं आज चव सांगायची न्हाई, नुसतं खायचं." गुरुजींनी तीनदा हुग्गी मागितली, आणि प्रत्येक वेळी वाढायला अक्का स्वतः गेली.

पाठवणीला लेक रडली, मीही रडले. तो भाग सगळ्यांच्या घरी सारखाच असतो. दुसऱ्या दिवशी गावानं मिळून तळं झाडलं. फुलं आणि पत्रावळ्या खड्ड्यात गेल्या. इंजिनिअर साहेबांनी पायऱ्या तपासल्या, एकही दगड हलला नव्हता याचा त्यांना मोठा अभिमान वाटला. मोहोळ काही दिवस राहिलं आणि फुलोरा संपला तसं एका सकाळी उठून गेलं. कमान रिकामी झाली. पण पुढच्या वर्षी गावात लग्नं निघाली तेव्हा सभागृह कुणी मागितलंच नाही. सगळ्यांना तळंच हवं होतं.

लग्नानंतर थोड्याच दिवसांनी अक्का मला मुडबीला घेऊन गेली. तिच्या माहेरी पुतणीचं लग्न होतं. मी म्हणाले, मी काय करू तिथं? तर म्हणाली, "हुग्गीला बसायचं माझ्याजवळ. आपल्या गावाकडून कोणतरी पायजे की."

आम्ही बसनं गेलो, हेही आले. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून मुडबी येईपर्यंत त्याला गिअर कधी टाकायचा ते सांगत राहिले. तो भला होता, ऐकून घेत होता.

लग्नघरी स्वयंपाकाच्या मांडवात बायका गूळ फोडत बसल्या होत्या. अक्कानं मला मधोमध बसवलं आणि सांगितलं, "ह्या आमच्या सिस्टर. झाडाच्या कॉलनीतल्या." तसा सगळ्यांचा हात थांबला.

"त्या मोहोळाच्या लग्नातल्या?" एकीनं विचारलं.

आमची गोष्ट आमच्या आधीच मुडबीला पोचली होती, आणि वाटेत बरीच मोठी झाली होती. दुसरी सांगायला लागली, नवरदेवाच्या अंगभर माश्या बसल्या होत्या म्हणे, नुसते डोळे दिसत होते. तिसरी म्हणाली, तसं नाही, माश्यांनी वरात धरून आणली, पुढं माश्या आणि मागं माणसं. मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. अक्कानं माझ्या मांडीवर हात ठेवून मला थांबवलं.

"एवढ्या माश्या लग्नाला आल्या?" त्या बाईनं अक्काला विचारलं. "खरं हाय का हे, अक्का?"

अक्कानं पातेल्यातली हुग्गी ढवळत, चेहरा जराही न हलवता सांगितलं, "व्हय. दुसऱ्या पंगतीला बसल्या होत्या."